जळालेली तबकडी, टिकलेली नोंद : 'कोलंबिया'च्या अवशेषांतून परत मिळालेला डेटा

#धागा #इतिहास #विज्ञानेतिहास

१/
१ फेब्रुवारी २००३, शनिवार. टेक्सासमध्ये सकाळचे आठ वाजण्याच्या सुमारास आकाशात पांढऱ्या रेघा उमटल्या आणि पाठोपाठ घरांच्या खिडक्या हादरल्या. सोळा दिवसांची मोहीम संपवून परतणारे 'कोलंबिया' हे अंतराळयान सुमारे ६० किलोमीटर उंचीवर विखरून गेले. रिक हसबंड, विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इलान रामोन आणि कर्नालची कल्पना चावला, असे सात जण त्यात होते. त्या यानातून माणसे परत आली नाहीत. काही नोंदी मात्र परत आल्या. त्यांतील एक नोंद एका जळून वितळलेल्या हार्ड डिस्कवर होती. हा धागा तिच्याविषयी आणि तिच्याबरोबर आकाशातून पडलेल्या तिच्या भावंडांविषयी आहे.

२/
'एसटीएस-१०७' ही मोहीम संपूर्णपणे संशोधनासाठी आखलेली होती. १६ जानेवारी २००३ रोजी यान फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून निघाले. अंतराळवीर दोन पाळ्यांत, दिवसरात्र काम करीत होते आणि यानावर ऐंशीहून अधिक प्रयोग होते. काही प्रयोगांची निरीक्षणे उड्डाण सुरू असतानाच रेडिओ संदेशांद्वारे पृथ्वीवर पोहोचत होती. बाकीची यानाबरोबरच घरी यायची होती. नमुने कुप्यांत होते, मापने चुंबकीय फितींवर आणि तबकड्यांवर साठत होती. म्हणजे मोहिमेचे मोठे फलित उतरण्याच्या शेवटच्या तासावर अवलंबून होते.

३/
उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकड्याचे वजन जेमतेम पाऊण किलो. पण आदळतानाचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या घरातला. पंखाच्या कडेला कार्बनच्या कठीण आवरणाची पाती होती. त्यांतील एकाला भोक पडले. वातावरणात परतताना तापलेला वायू त्या भोकातून पंखाच्या आत शिरला आणि आतली चौकट वितळू लागली. हे सारे पुढे सिद्ध झाले. त्या सकाळी मात्र जमिनीवर होते ते केवळ तुकडे.

४/
हे तुकडे पूर्व टेक्सास आणि लुइझियानाच्या जंगलांत, कुरणांत, तळ्यांत विखुरले होते. शोधकार्यात सुमारे २५,००० लोक सहभागी झाले. वणवे विझवणाऱ्या वनखात्याच्या तुकड्या ओळी करून, झुडुपे बाजूला सारत, पावलापावलाने जंगल पालथे घालीत होत्या. मार्चच्या अखेरीस शोधमोहिमेचे एक हेलिकॉप्टर कोसळून दोघांचा मृत्यू झाला. अखेरीस सुमारे ८४,००० तुकडे गोळा झाले; वजनाच्या हिशेबात ते यानाच्या ३८ टक्के होते. केनेडी केंद्रातील एका हँगरच्या जमिनीवर यानाची आकृती आखून प्रत्येक तुकडा आपापल्या जागी मांडण्यात आला. उत्खननात सापडलेली खापरे जुळवून मडके उभे करावे, तसेच हे काम होते.

५/
या ढिगाऱ्यात दोन कुरूप धातूचे गोळे होते. ते एकमेकांना चिकटलेले होते, कडा वितळलेल्या होत्या आणि ती हार्ड डिस्क आहे हे पाहून ओळखता येत नव्हते. अपघातानंतर सुमारे सहा महिन्यांनी, एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात ती मिळाली. सीगेट कंपनीची, ४०० एमबी क्षमतेची ही डिस्क होती. आजच्या फोनवरील एखाद्या चित्रफितीलाही ती पुरणार नाही. परंतु तिच्यावर एका प्रयोगाची अशी निरीक्षणे होती, जी पृथ्वीवर पुन्हा घेता येणे अशक्य होते.

६/
तो प्रयोग म्हणजे 'सीव्हीएक्स-२'. विषय होता झेनॉन या निष्क्रिय वायूची श्यानता, म्हणजे त्याचा वाहण्याला होणारा आतला विरोध. प्रयोगाचे प्रमुख होते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बर्ग. प्रश्न ऐकायला साधा होता. रंग कुंचल्याने ओढला की पातळ होऊन पसरतो आणि भिंतीवर थांबला की ओघळत नाही; फेटलेली साय सुरीने पसरते, पण एरवी आकार धरून राहते. या गुणधर्माचे कारण त्या द्रवांतील लांबलचक रेणूंत किंवा गुंतागुंतीच्या रचनेत असते. झेनॉन तर सुट्या अणूंचा वायू. ढवळल्यावर पातळ होण्याचे कारण त्याच्याकडे काय असणार?

७/
सिद्धांताचे उत्तर असे होते की, एका विशिष्ट अवस्थेत झेनॉनही असा वागेल. सुमारे १६.६ अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या जवळपास ५८ पट दाब, हा झेनॉनचा क्रांतिक बिंदू. तेथे द्रव आणि वायू यांतला भेद पुसला जातो. घनतेचे लहानमोठे ढग सतत बनतात आणि विरतात. या ढगांना ताण दिला तर ते विरूप होतात आणि श्यानता घटते. मात्र याच बिंदूपाशी झेनॉन इतका दबणारा होतो की, पृथ्वीवर तो स्वतःच्या वजनानेच तळाशी दाटतो आणि वर विरळ होतो. संपूर्ण नमुना एकाच अवस्थेत ठेवायचा, तर वजनच नाहीसे करावे लागते. म्हणून हा प्रयोग अंतराळात.

८/
१९९७ साली 'डिस्कव्हरी' यानावरून याच मालिकेतला पहिला प्रयोग झाला होता. दुसऱ्या प्रयोगासाठी कोलंबियाच्या मालकक्षात, बंद पात्रात झेनॉन भरलेली कुपी होती. कुपीत निकेलची एक बारीक जाळी विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने हळुवार हलवली जाई. तिच्या हालचालीतून श्यानता मोजली जाई. तापमान अंशाच्या अतिसूक्ष्म भागापर्यंत स्थिर राखायचे होते. म्हणूनच प्रयोगाला घाई चालत नव्हती. दिवसामागून दिवस मापने जमत होती. उड्डाण चालू असताना त्यांतील काही भागच पृथ्वीवर पोहोचला. संपूर्ण नोंद त्या ४०० एमबीच्या डिस्कवर राहिली आणि यानाबरोबर कोसळली.

९/
येथे थांबून हार्ड डिस्क म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे. चुंबकत्वावर आवाज टिपण्याचे पहिले यंत्र डेन्मार्कच्या वाल्डेमार पाउलसेनने १८९८ साली साकारले. त्यात पोलादी तार होती. १९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' संगणकाबरोबर पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनभर वजन आणि क्षमता सुमारे ५० लाख अक्षरांची. पुढच्या चार दशकांत ते कपाट तळहातावर आले. तत्त्व मात्र तेच राहिले. फिरत्या तबकडीवर चुंबकीय लेप, त्यावर सूक्ष्म क्षेत्रे, आणि तबकडीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगत ती क्षेत्रे वाचणारे हेड.

१०/
या रचनेत बळ आणि दुर्बलता एकत्र नांदतात. नोंद तबकडीवरच्या चुंबकीय क्षेत्रांत असते. वीज गेली, मोटर जळली, सर्किटचा राख-कोळसा झाला, तरी ती तेथेच राहते. पण हेड आणि तबकडी यांतील अंतर इतके सूक्ष्म असते की, धुळीचा एक कण शिरला तरी पृष्ठभाग खरवडला जातो. म्हणून डिस्कची पेटी काटेकोरपणे बंद असते. कोलंबियाच्या डिस्कवर नेमके हेच संकट आले. सांध्यावरील सील वितळले आणि आत माती शिरली.

११/
'फाइल गेली' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या घटना लपलेल्या असतात. इतिहासाच्या साधनांना लागू पडावी अशी ही विभागणी आहे.
पहिली : नोंद शाबूत, पण तिचा पत्ता हरवला.
दुसरी : नोंद शाबूत, पत्ताही आहे, पण वाचणारे यंत्र नष्ट झाले.
तिसरी : खुद्द नोंदच नष्ट झाली.
मोडी दफ्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे नवीन नाही. रुमालातून सुटून भलत्याच गठ्ठ्यात गेलेला कागद, मोडी वाचणाराच न उरलेला कागद आणि वाळवीने खाल्लेला कागद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींवर उपायही वेगळे.

१२/
पहिल्या प्रकाराचे उदाहरण घरोघरी घडते. डॉस या प्रणालीत फाइल पुसली की तिचा मजकूर पुसला जात नसे. सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून एक खूण केली जाई आणि तिने व्यापलेली जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाई. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तसाच पडून असे. १९८२ साली पीटर नॉर्टन यांनी बाजारात आणलेल्या साधनसंचातील फाइल परत आणणारा कार्यक्रम याच तत्त्वावर चालत होता आणि त्याने त्यांना मोठी कीर्ती दिली. आजही बाहेरून जोडायच्या डिस्कवरील फाइल चुकून पुसली गेली, तर त्या डिस्कवर पुढे काहीही न लिहिणे, हा पहिला नियम याच कारणाने सांगितला जातो.

१३/
दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण चंद्राचे आहे. १९६६-६७ मध्ये नासाच्या पाच 'लूनर ऑर्बिटर' यानांनी अपोलोच्या उतरण्याच्या जागा शोधण्यासाठी चंद्राची छायाचित्रे घेतली. मूळ संकेत चुंबकीय फितींवर साठवले गेले. पुढे फिती टिकल्या. त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची अवाढव्य यंत्रे मात्र कालबाह्य झाली. नॅन्सी इव्हान्स यांनी फिती फेकू दिल्या नाहीत आणि मोडीत निघालेली यंत्रे वर्षानुवर्षे आपल्या गॅरेजमध्ये सांभाळली. अखेरीस डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांच्या चमूने नासाच्या एम्स केंद्राच्या परिसरातील बंद पडलेल्या मॅकडॉनल्ड्समध्ये ती यंत्रे चालू केली. नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे १९६६ सालचे छायाचित्र पूर्वी कधीही न दिसलेल्या स्पष्टतेने समोर आले.

१४/
कोलंबियाची डिस्क या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या सीमेवर होती. यंत्र निश्चितच मेले होते. नोंद जिवंत आहे की नाही, हे उघडल्यावाचून कळणार नव्हते. ती मिनेसोटातील 'क्रोल ऑनट्रॅक' या डेटा परत मिळवून देणाऱ्या कंपनीकडे गेली आणि तेथील अभियंता जॉन एडवर्ड्स यांच्या टेबलावर आली. सर्किट ओळखू येणार नाही इतके जळलेले. प्लास्टिक वितळलेले. पण आतल्या तबकड्या वाकल्या नव्हत्या. तबकडी वाकली असती, तर हवेच्या थरावर तरंगणाऱ्या हेडला तिच्यावरून फिरणे शक्यच झाले नसते आणि कथा येथेच संपली असती.

१५/
तबकड्यांच्या काही भागाला आत शिरलेल्या मातीने खड्डे पाडले होते. येथे दोन योगायोग कामी आले. पहिला, डिस्क सुमारे निम्मीच भरलेली होती आणि खराबी झाली होती ती बहुतांशी जेथे काही लिहिलेलेच नव्हते अशा भागात. दुसरा, प्रयोगाचा संगणक डॉसवर चालत होता. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या नव्या प्रणाली एकेका फाइलचे तुकडे डिस्कभर विखरून ठेवतात. जुन्या, साध्या डॉसवर एकच प्रयोग ओळीने आपली मापने लिहीत गेला. त्यामुळे नोंद एका सलग पट्ट्यात राहिली. त्या काळातही जुनाट मानलेली प्रणाली येथे तारक ठरली.

१६/
एडवर्ड्स यांनी तबकड्या रसायनाने स्वच्छ केल्या, नव्या डिस्कच्या यंत्रणेत बसवल्या आणि फिरवल्या. हेड वाचू लागले. सुमारे दोन दिवसांत डिस्कवरील ९९ टक्के माहिती परत मिळाली. ऐकताना यात जादू वाटते. प्रत्यक्षात ही पद्धत परंपरागत आहे. जळालेले घर सोडून आतला कागद बाहेर काढायचा, धूळ झटकायची आणि दुसऱ्या टेबलावर ठेवून वाचायचा. फरक इतकाच की, येथे 'कागद' वाचण्याआधी मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरवावा लागतो आणि पहिल्याच फेरीत एखादा कण आडवा आला, तर तो कायमचा फाटतो.

१७/
हे यश सर्वांच्या वाट्याला आले नाही. कोलंबियाच्याच आणखी दोन डिस्क एडवर्ड्स यांच्याकडे आल्या होत्या. त्यांच्यावरून काहीही मिळाले नाही; त्यांच्या धातूत चुंबकत्व धरून ठेवण्याची शक्तीच उरली नव्हती. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक तापमानमर्यादा असते. ती ओलांडली की त्यातील सूक्ष्म चुंबकांची शिस्त मोडते. १८९५ साली पिएर क्युरी यांनी या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्या मर्यादेला त्यांचे नाव आहे. लोखंडासाठी ती ७७० अंश सेल्सिअस. ही तिसऱ्या प्रकारची हानी होय. अशा वेळी तबकडी हाती असते, पण ती कोरी असते. कौशल्य किंवा चिकाटी यांपैकी काहीही तेथे उपयोगी पडत नाही.

१८/
परत मिळालेली मापने बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेली. त्यांचे विश्लेषण होऊन शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघाताला तेव्हा पाच वर्षे उलटून गेली होती. निष्कर्ष असा की, क्रांतिक बिंदूजवळ झेनॉन खरोखरच ढवळल्यावर पातळ होतो आणि सिद्धांताने वर्तवले होते तसा होतो. वृत्तपत्रांत मात्र बातमी झाली ती जळालेल्या डिस्कची. झेनॉनची श्यानता किती वाचकांच्या लक्षात राहिली असेल, हा प्रश्नच आहे. तरीही ती तबकडी एवढ्या कष्टाने का वाचली, याचे उत्तर त्या श्यानतेतच आहे. डिस्कवर काय आहे आणि ते पुन्हा मिळणार नाही, हे जाणणारा माणूस मागे नसता, तर ते दोन गोळे हँगरमधल्या ८४,००० तुकड्यांपैकी दोन तुकडे म्हणूनच राहिले असते.

१९/
त्या दिवशी आकाशातून पडलेल्या नोंदी आणखीही होत्या. अपघातानंतरच्या पहिल्याच आठवड्यात टेक्सासमधील पॅलेस्टाइन या गावाजवळ एक व्हिडिओ टेप सापडली. तिच्यावर परतीच्या प्रवासातील सुमारे १३ मिनिटांचे चित्रण टिकले होते. लॉरेल क्लार्क यांच्या हाती कॅमेरा आहे, खिडक्यांबाहेर तापलेल्या वायूचा नारिंगी उजेड आहे आणि कल्पना चावलांसह सारे निवांतपणे आपापले काम करीत आहेत. पहिला बिघाड जाणवण्याच्या सुमारे चार मिनिटे आधी चित्रण संपते. फितीचा पुढचा भाग जळून गेला होता.

२०/
१९ मार्च रोजी हेम्पहिल या गावाजवळ दुसरी फीत मिळाली. ही तपासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली. कोलंबिया हे अंतराळात जाणारे पहिले शटल. १९८१ सालच्या चाचणी-उड्डाणांसाठी त्यात शेकडो संवेदकांची मापने टिपणारा 'ओईएक्स' हा रेकॉर्डर बसवलेला होता. नंतरच्या यानांत तसा तो नव्हता. यानाच्या अठ्ठाविसाव्या उड्डाणातही तो चालूच होता. त्याची फीत स्वच्छ करून वाचली, तेव्हा डाव्या पंखाच्या कडेमागील संवेदकांनी यान फुटण्याच्या कितीतरी मिनिटे आधी धोक्याच्या नोंदी केल्याचे दिसले. जुन्या यानातील जुने उपकरण म्हणून जे ओझे वाटले असते, त्यानेच अपघाताची जागा दाखवली.

२१/
एप्रिलमध्ये अवशेषांतील काही डब्यांत जिवंत सूत्रकृमी आढळले. एक मिलिमीटर लांबीचे हे जीव एका जीवशास्त्रीय प्रयोगासाठी यानात नेले होते. त्यांचे आयुष्यचक्र थोड्या दिवसांचे; म्हणजे डब्यात सापडले ते प्रवासाला निघालेल्या कृमींचे वंशज होते. जीवसृष्टीचा अंश एवढ्या उंचीवरून एवढ्या वेगाने येऊनही तगू शकतो, याचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरला. असा प्रयोग कोणी आखला नव्हता आणि कोणी आखलाही नसता.

२२/
आणि कागद. इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन यांनी मोहिमेत रोजनिशी लिहिली होती. तिची ३७ पाने सुमारे दोन महिन्यांनी टेक्सासच्या एका शेतात सापडली. ऊन-पावसाने भिजलेली, एकमेकांना चिकटलेली, ठिकठिकाणी भोके पडलेली. जेरुसलेममधील इस्रायल संग्रहालयाने ती जोडली आणि पोलिसांच्या न्यायवैद्यक विभागाने पुसट झालेली अक्षरे उकलली. बराचसा मजकूर वाचला गेला. खासगी भाग कुटुंबाकडे गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये दोनच पाने प्रदर्शनात मांडली गेली. त्यांतील एकावर शब्बाथच्या सायंकाळी म्हणायची प्रार्थना त्यांनी हाताने उतरवून घेतलेली होती. सगळे मिळाले म्हणून सगळे दाखवायचे नसते, हा विवेक त्या निवडीत आहे.

२३/
या पाच नोंदी एकत्र ठेवल्या की साधनांच्या टिकण्याविषयीचा एक भाबडा समज गळून पडतो. महत्त्वाचे ते टिकते, असे नाही. एकाच आगीतून एक डिस्क जवळजवळ पूर्ण परतली, दोन कोऱ्या झाल्या; मजबूत धातू वितळला आणि साधा कागद शेतात पडून राहिला. वस्तू यानात कोठे होती, कशात बंद होती, कोठे पडली, तिच्यावर किती लिहिले होते, यांवर तिचे भाग्य ठरले. आपल्यापर्यंत पोहोचलेले शिलालेख, ताम्रपट आणि दफ्तरे यांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. टिकलेल्या साधनांवरून काळाचे चित्र रंगवताना न टिकलेल्यांची रिकामी जागा चित्रात धरावी लागते.

२४/
दैव येथवरच पुरते. पुढचे काम माणसांचे. तळ्याच्या पात्रात पाहणारा कोणी हवा, वितळलेला गोळा कशाचा आहे हे ओळखणारा हवा, त्यावर काय होते हे सांगणारा हवा आणि ते वाचण्याची विद्या जपणारा हवा. नॅन्सी इव्हान्स यांचे गॅरेज, एडवर्ड्स यांचे टेबल, जेरुसलेमची प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणी हेच घडले. साखळीतला एक दुवा निखळला असता, तर उरलेले सारे व्यर्थ होते. मोडीत काढलेले यंत्र आणि विसरलेली लिपी या दोहोंची किंमत ती नाहीशी झाल्यावरच कळते.

२५/
या साऱ्या नोंदींच्या पलीकडे एक नोंद अशी आहे, जी कोणतीही प्रयोगशाळा परत मिळवू शकणार नाही. फेसाचा तुकडा आदळल्याचे उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसले होते. यान कक्षेत असताना पंखाची छायाचित्रे घ्यावीत, असे अभियंत्यांना वाटत होते. ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने अशा तीन स्वतंत्र विनंत्या नोंदल्या आणि नुकसान समजून घेण्याच्या आठ संधी हुकल्याचे दाखवून दिले. विनंत्या वरिष्ठ पातळीवर थांबल्या. छायाचित्रे घेतलीच गेली नाहीत. त्याच जुलैमध्ये सॅन अँटोनियो येथे चाचणीत फेसाचा तुकडा तसाच आदळवला गेला, तेव्हा पंखाच्या कडेला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले.

२६/
पंखाचे छायाचित्र हाती आले असते तर सात जण वाचले असते का, यावर मतभेद आहेत. चौकशी मंडळाने 'अटलांटिस' यान घाईने पाठवून सुटकेचा प्रयत्न करण्याची शक्यता तपासली; ती जोखमीची, पण अशक्य नाही, असे दिसले. म्हणून कोलंबियाच्या दफ्तरात दोन रिकाम्या जागा शेजारी शेजारी आहेत. एक आगीने केलेली; तिच्यातून ९९ टक्के परत आले. दुसरी माणसांच्या निर्णयाने झालेली. तिच्यातून काहीही परत येणार नाही. पुसलेली फाइल शोधता येते, जळालेली तबकडी वाचता येते. जे पाहायचेच नाही असे ठरले, त्याची तबकडी नसते.

२७/
भारताने ५ फेब्रुवारी २००३ रोजी, अपघातानंतर चारच दिवसांनी, आदल्या सप्टेंबरात सोडलेल्या 'मेटसॅट-१' या हवामान उपग्रहाला 'कल्पना-१' हे नाव दिले. पुढे अनेक वर्षे तो ढगांची छायाचित्रे पाठवीत राहिला. त्या छायाचित्रांची दफ्तरे आज ज्या चकत्यांवर, फितींवर आणि डिस्कवर असतील, त्यांनाही एक दिवस वाचणारे यंत्र आणि वाचणारा माणूस लागेल. तो असावा, याची तरतूद करण्याची वेळ नोंद शाबूत असतानाच असते.

(धागा समाप्त)